सतरा नंबर हजर

मंगळवार, ९ ऑक्टोबर २००७. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी घोडपदेवच्या एका चाळीत, तळमजल्यावरच्या जुन्या बालवाडीच्या खोलीत हजेरी झाली. सतरा नंबरच्या चौकटीत सही पडली. सतरा नंबर म्हणजे रघुवीर नाटेकर, वय बहात्तर, पूर्वी गिरणीत, लूमखात्यात. त्याच वेळी चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून चार माणसं रघुवीर नाटेकरचं प्रेत खाली आणत होती. जिना अरुंद. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिरडी जवळजवळ उभीच धरावी लागली.

सही लवू धुरीने केली होती.

“कोण गेलं?” टेबलामागून अंबिका देवस्थळीने विचारलं. म्हाताऱ्यांचं हे केंद्र तीच चालवत होती.

“वरचा एक म्हातारा,” केंद्रात येणारा सीताराम म्हणाला.

“आपल्यापैकी कुणी?”

“नाय मॅडम. आपले सगळे हजर आहेत. मोजा ना.”

अंबिकाने मोजले. सव्वीस. तिरडी दारावरून गेली तेव्हा ती उभी राहिली, हात जोडले आणि म्हणाली, “तुमच्या चाळीतलं माणूस आहे. जायचं असेल तर जा, आज लवकर संपवू या.” लवूने पेन ठेवलं, चपला पायात सरकवल्या, बाहेर जाऊन पुढच्या माणसाच्या खांद्यावरचा दांडा आपल्या खांद्यावर घेतला. रघुवीर हलका लागला. तो किती हलका झाला होता हे लवूइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

याची सुरुवात त्या वर्षीच्या जानेवारीत झाली.

दादरला ऑफिस असलेल्या एका संशोधन संस्थेला एक गोष्ट मोजायची होती. म्हातारी माणसं आपल्याच वस्तीत, आपल्याच माणसांत राहून कशात तरी गुंतलेली राहिली, तर ती जास्त दिवस धडधाकट राहतात का? त्यासाठी त्यांनी घोडपदेवच्या चार चाळींतून साठ वर्षांवरची साठ माणसं घेतली. एकेकाला नंबर दिला. मग चिठ्ठ्या टाकल्या. तीस जणांना पिवळं कार्ड, तीस जणांना पांढरं. पिवळ्या कार्डवाल्यांनी आठवड्यातून तीन सकाळी केंद्रात यायचं. तिथे व्यायाम, कॅरम, मोठ्याने पेपर वाचणं, बायकांची भजनं, दोन वेळा चहा. पांढऱ्या कार्डवाल्यांना काही नाही. दर तीन महिन्यांनी त्यांच्या घरी येऊन कुणीतरी प्रश्न विचारणार, एवढंच.

लवू धुरीला एकेचाळीस नंबर आला आणि पांढरं कार्ड.

“म्हणजे ते चहा पिणार आणि आम्ही बसून सुकायचं?” त्याने कार्ड देणाऱ्या मुलीला विचारलं होतं.

“तसं नाही हो, काका. तुमच्याशी तुलना केल्याशिवाय त्यांना फायदा झाला की नाही हे कळणार कसं? आणि वर्ष झालं की तुमचीच पाळी. पुढच्या जानेवारीत.”

ती मुलगी दोन महिन्यांत नोकरी सोडून गेली. पण पुढचा जानेवारी लवूने धरून ठेवला.

त्याला ते का हवं होतं हे समजायला गिरणीपर्यंत मागे जावं लागतं. लवू गिरणीत अकरा वर्षं बदली होता. बदली म्हणजे ज्याला स्वतःची जागा नाही तो. पाळी सुरू होण्याआधी फाटकाशी उभं राहायचं. कुणी आला नसला तर जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बोट दाखवायचा, मग आत जाऊन त्या माणसाच्या साच्यावर, म्हणजे मागावर, त्याच्याच हजेरीच्या तिकिटावर काम करायचं. बोट दाखवलं नाही तर घरी. गणपतीला, शिमग्याला कोकणात जाणारा कायम विणकर तर आपला बदली आपणच नेमून जायचा. साचा थांबता कामा नये हा नियम. त्याच्यापुढे कोण उभा आहे हे कुणी बघत नसे.

रघुवीर कायम होता. दोन साचे त्याच्या नावावर. जॉबर होता सीताराम.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. त्या डिसेंबरात गिरणीने निरोप धाडला, की आत येईल तो कायम होईल. लवू पोलिसांच्या गाडीत बसून आत गेला. त्याला दोन साचे मिळाले, आणि ते नेमके रघुवीरचे निघाले. चाळीने त्याच्या दाराला डांबर फासलं. पाच वर्षांत लूमखातं बंद पडलं आणि लवू इतरांसारखाच घरी बसला. पण इतर एकमेकांच्या घरी बसत, लवू एकटा बसे. नळावर त्याची बादली आली की रांग गप्प व्हायची. १९९४ ला त्याची बायको गेली तेव्हा खांद्याला चाळीतलं कुणी उठलं नाही. रे रोडच्या लाकडाच्या वखारीतून मावसभावाने तीन हमाल आणले, चौथा स्वतः लवू. मूलबाळ नव्हतं. पंचवीस वर्षांत त्याने चाळीत कुणाचा चहा घेतला नव्हता. त्याला कुणी दिलाच नव्हता.

मार्चमध्ये रघुवीर जिन्यावर पडला. खुब्याचं हाड मोडलं. सरकारी इस्पितळात सळी घालून तीन आठवड्यांनी घरी पाठवला. डॉक्टरने सुनेला, लक्ष्मीला, बजावलं होतं, “तीन महिन्यांत रोज कुणीतरी धरून चालवलं तर उठेल, नाहीतर नाही उठायचा.” लक्ष्मी हिंदमाताला साडीच्या दुकानात घड्या घालायच्या कामावर, सकाळी नऊ ते रात्री आठ. नवरा एका टॉवरवर वॉचमन, बारा तासांची ड्यूटी. टॉवर उभा होता तो रघुवीरच्याच गिरणीच्या जागेवर. धरून चालवणार कोण?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सीताराम लवूच्या दारात आला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. तो आत आला नाही, उंबऱ्याबाहेर उभा राहूनच बोलला.

“रघूची जागा रिकामी आहे. तुला जायचंय?”

लवूला वाटलं, हा थट्टा करतोय.

“चोवीसच्या खाली हजेरी गेली तर केंद्र हलवणार म्हणतात. दुसऱ्या चाळीत. आता पंचवीस आहोत. दोघं गावी, दोघं आजारी, रघू झोपला. माणूस पायजे.”

“आणि ती मॅडम?”

“मॅडम नंबर बघते. तोंड कोण बघतो? एक तारखेपासून आलेय ती, रघूला बघितलंच नाय तिने.”

“मग दुसरा कोण नाय? मीच का?”

सीतारामने त्याच्याकडे नीट पाहिलं. “दुसरा कोण बाहेर बोलेल. तुझ्याशी बोलतं कोण? म्हणून तू.”

ते दोघं रघुवीरकडे गेले. रघुवीर खाटेवर, उशीशी पाण्याची बाटली, पायाशी लघवीचं भांडं. त्याने लवूला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग हसला.

“पंचवीस वर्सांपूर्वी न इचारता माझ्या साच्यार बसललंस. आज इचारूक इलंस. सुधारलंस मेल्या.”

लवू खाटेच्या कडेशी टेकला.

“तू बदली म्हणान जन्माक इलंस, बदली म्हणानच मरतलंस. घे.” त्याने उशीखालून पिवळं कार्ड काढलं. “पण एक. रोज सांजेक हंय येवन सगळा सांगूचा. कोण काय बोललो, चाय गोड होती की कडू, कॅरम कोण जिंकलो. माझी जागा आसा ती. माका कळाक व्हया.”

“येतंय,” लवू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता लवू धुरी बालवाडीच्या खोलीत शिरला. सीताराम मोठ्याने म्हणाला, “ये रे रघू, बस.” आणि लगेच पाचसहा तोंडं बोलली, ये रघू, बस रघू, काय रघू पाय बरा दिसतोय. लवूच्या हातात चहाचा कप आला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला. 

“अरे रघू, कप पळून जाणार आहे काय, दोन हातांनी धरलायस?” जाईबाई म्हणाली. ती गिरणीच्या वाइंडिंगमध्ये, सूत गुंडाळायच्या खात्यात होती, अठ्ठावीस वर्षं. खोली हसली. लवूसुद्धा हसला.

खोलीतून बाहेर पडल्यावर सगळं पूर्ववत. जिन्यावर तीच माणसं त्याच्याकडे न बघता वर गेली. पहिल्या आठवड्यात तो एकदा चुकला. खोलीबाहेर पडताना जाईबाईला म्हणाला, “उद्या तुमचा अभंग ऐकायचाय हां.” जाईबाईने पदर सारखा केला आणि चालू लागली. हे असं आहे हे लवूला तेव्हा कळलं. खोलीत तो रघू होता, बाहेर लवू. लवूशी बोलणं बंदच होतं.

पण आठवड्यातून तीन सकाळी तो रघू होता, आणि तेवढ्यावर त्याचं चाललं. तो दाढी करू लागला. रविवारी शर्टाला इस्त्री मारू लागला. पेपर वाचायचं काम त्याच्याकडे आलं, कारण त्याचा आवाज खणखणीत होता. अंबिका एकदा म्हणाली, “रघुवीरकाका, तुम्ही नसलात तर ही खोली ओस वाटेल.” त्या रात्री लवू जेवलाच नाही, तेवढ्या एका वाक्यावर त्याचं पोट भरलं होतं.

संध्याकाळी पाच वाजता तो रघुवीरकडे जाई. रघुवीर वाट बघत असे. “बोल, आज मी काय केलंय?” असं विचारत असे. लवू सांगे, तू आज सीतारामला दोन बोर्ड हरवलंस, तू आज कापड बाजाराची बातमी वाचलीस, तुझ्या वाचण्याला बायका हसल्या. रघुवीर खूश होई. मध्येच म्हणे, “खोटा सांगू नको. मी हरललंय तर हरललंय म्हणान सांग.”

मे महिन्यात तपासणी झाली. तपासणाऱ्या मुली वेगळ्या, त्यांना कोण पिवळा कोण पांढरा हे सांगायचं नाही असा संस्थेचा नियम. एकीने केंद्रात बसून सतरा नंबरला प्रश्न विचारले. गेल्या पंधरा दिवसांत आपली कुणाला गरज आहे असं वाटलं का? कधीच नाही, क्वचित, बरेचदा, रोज? लवू म्हणाला, “रोज.” सहा मिनिटांत किती चालता ते मोजलं. गॅलरीत खडूने खुणा केल्या होत्या. तो तीनशे नव्वद मीटर चालला.

तीन दिवसांनी दुसरी मुलगी एकेचाळीस नंबरच्या दारात आली. तेच प्रश्न. लवू स्टुलावर बसला होता. आपली कुणाला गरज आहे असं वाटलं का? तो म्हणाला, “कधीच नाय.” सहा मिनिटांत दोनशे चाळीस मीटर. त्याने मुद्दाम हळू चालून दाखवलं नव्हतं. पाय उचललाच गेला नाही.

जूनच्या सुरुवातीला जाईबाईचा गुडघा सुजला. ती चार वेळा आली नाही. तिच्या जागी बसवायला सीतारामला बाई मिळाली नाही, म्हणून तिच्या चौकटीत गैरहजर पडत गेलं. पाचव्या दिवशी अंबिका तिच्या घरी गेली, आणि त्यानंतरच्या गुरुवारपासून एक बाई जाईबाईकडे यायला लागली. व्यायाम करून घेणारी. पिशवीतून रबराचे पट्टे, शेकायची पिशवी काढायची, धरून उठवायची, दाराशी नेऊन आणायची. तीन आठवड्यांत जाईबाई काठी टेकत केंद्रात आली.

“ही कोण बाई?” लवूने अंबिकाला विचारलं.

“आपल्याच योजनेतली. पिवळ्या कार्डवाला कुणीही आजारी पडून येईनासा झाला की आपण घरी पाठवतो. जोपर्यंत उठत नाही तोपर्यंत. तुम्हाला सांगितलं नव्हतं का?”

लवूला कुणी सांगितलं नव्हतं. तो खोलीच्या कोपऱ्यात सीतारामजवळ गेला.

“ऐकलंस?”

“ऐकलं.”

“मग रघूला...”

“मग रघूला काय? आता सांगायचं, की तीन महिने हा रघू नव्हताच? केंद्र राहील? तीस माणसांचं केंद्र घालवशील एका माणसासाठी?” सीताराम खाली वाकून कॅरमची सोंगटी उचलत म्हणाला, “आणि तू परत कुठे जाशील ते बघ. मला काय, माझं नाव माझंच आहे.”

लवू त्या दिवशी पाच वाजता वर गेला नाही, सहाला गेला. जिन्यात बसून राहिला होता. डॉक्टरने दिलेले तीन महिने संपायला अजून आठ दिवस होते, हे त्याने बोटांवर मोजलं होतं. आठ दिवसांत जमलं असतं किंवा नसतंही. पण त्यासाठी एक वाक्य बोलावं लागलं असतं. ते बोललं की तो परत स्टुलावर, आणि या वेळी पुढचा जानेवारीसुद्धा नाही, कारण फसवणाऱ्याला कोण घेणार?

रघुवीरने बाहेरून येणारे आवाज ऐकले होते. “जायबाय चालाक लागली म्हणतत. कशी रे?”

लवूने पाण्याची बाटली उशीशी सरळ ठेवली. “तिच्या पोरान तेल आणल्यान गावाकडसून. कोण तरी वैद्य आसा. रोज चोळतत.”

“माका हाड तां तेल.”

लवूने ते आणलं. लालबागच्या एका दुकानातून खोबरेल आणि कापूर घेतला, घरी स्टोव्हवर कोमट करून मिसळलं, बाटलीचं लेबल नखाने खरवडून काढलं. रोज पाच वाजता आजचा वृत्तांत सांगून झाला की तो रघुवीरच्या पायाला ते चोळायचा. खुब्यापासून घोट्यापर्यंत, अर्धा अर्धा तास. पाय दिवसेंदिवस काठीसारखा होत गेला. रघुवीर डोळे मिटून म्हणे, “बरा वाटता. आत गरम लागता. दिवाळीक मी खाली उतारतंय बघ. मग तुझी बदली बंद.”

“बंद,” लवू म्हणे.

ऑगस्टमध्ये पाठीला जखम झाली. अंथरुणाला लागून राहिलेल्यांना होते तशी. लवूने ती पहिल्यांदा पाहिली, नंतर लक्ष्मीने. लक्ष्मी सरकारी इस्पितळातून मलम घेऊन आली आणि रडली. “लवूकाका, तुम्ही नसता तर यांचं काय झालं असतं? पोटचा पोरगा तेल चोळत नाय हो,” ती म्हणाली. ती चाळीत सगळ्यांना हे सांगायची. ऑगस्टच्या अखेरीस नळावर एका बाईने लवूला बादली लावायला जागा दिली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, आणि खोलीच्या बाहेर.

ऑगस्टच्या तपासणीत सतरा नंबर चारशे वीस मीटर चालला.

आठ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, पितृपंधरवड्यात, रघुवीर गेला. ताप चार दिवस अंगात होता. इस्पितळात न्यायचं ठरत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गावाहून भाऊ येईपर्यंत थांबले, म्हणून अंत्ययात्रा मंगळवारी, आणि म्हणून हजेरी आणि तिरडी एकाच वेळी.

जिन्याखाली उभं राहून सीतारामने लवूच्या कानात सांगितलं होतं, “आधी सही कर, मग खांदा दे. आज सतरा गैरहजर पडला तर ती घरी चौकशीला येईल.” लवूने आधी सही केली.

रघुवीर गेल्यानंतरही सतरा नंबर येत राहिला. आता संध्याकाळी पाच वाजता सांगायला कुणी नव्हतं. लवूला सवय लागली होती. तो घरी स्टुलावर बसून मनातल्या मनात सांगत असे.

मंगळवार, २० नोव्हेंबर. संस्थेने डिसेंबरात कार्यक्रम ठेवला होता. सगळ्यात जास्त सुधारणा झालेल्या माणसाने तिथे चार शब्द बोलायचे होते. आकड्यांवरून तो माणूस सतरा नंबर होता. अंबिका त्याला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून केंद्र सुटल्यावर पत्रिका घेऊन परस्पर तिसऱ्या मजल्यावर गेली. लक्ष्मीची त्या दिवशी सुट्टी होती.

“रघुवीरकाका आहेत?”

लक्ष्मीने भिंतीकडे बघितलं. फोटोला हार होता, सुकलेला.

पुढचं बोलणं शेजाऱ्यांनी दारातून ऐकलं. लक्ष्मी म्हणाली, सासरे कधीच खाली उतरले नाहीत, मार्चपासून. मग सही कोण करतं, अंबिकाने विचारलं. कार्ड लवूकाकांकडे आहे. मग तुम्ही आम्हाला कळवलं का नाही, अंबिका म्हणाली, आमच्याकडे घरी येणारी बाई होती, जाईबाईंकडे आली ती. “फुकट,” ती पुढे म्हणाली. “एक निरोप दिला असता तर आली असती.”

“जाईबाईला तेल लावत होते ना?” लक्ष्मीने विचारलं.

“कसलं तेल?”

अंबिका खाली आली तेव्हा लवू खोली झाडत होता. ते काम त्याने आपणहून घेतलं होतं.

“काका, तुमचं नाव काय?”

“सतरा.”

“नाव.”

लवूने झाडू भिंतीला टेकवला. “लवू धुरी. एकेचाळीस.”

अंबिका लहान मुलांच्या बाकावर बसली. तिने फाइल उघडून दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. “दोन्हीकडे तुम्हीच उत्तरं दिलीत?”

“हो.”

“मग खरी कुठली?”

“दोन्ही.”

तिने दोन्ही कागद एकावर एक ठेवले. “तीन वर्षांचं काम आहे हे, काका. केंद्र उघडायच्या आधीपासूनचं माझं.” मग फाइल मिटून म्हणाली, “उद्यापासून येऊ नका. मी बघते काय करायचं ते.”

“जानेवारीत पांढऱ्या कार्डांची पाळी आहे. तेव्हा येऊ ना?”

“बघू,” ती म्हणाली.

सीतारामला चाळीने विचारलं तेव्हा त्याने हात वर केले. “मी काय केलं? जागा रिकामी आहे एवढंच सांगितलं. जॉबर बोट दाखवतो. जायचं की नाय हे बदलीचं काम.”

त्या संध्याकाळी पाच वाजता लक्ष्मी लवूच्या दारात आली. तिच्या हातात लेबल नसलेली बाटली होती. ती ओरडली नाही. बाटली उंबऱ्यावर ठेवून म्हणाली, “अर्धं उरलंय. तुमच्या पायाला लावा.” बाटली आठ दिवस तिथेच होती. येणारेजाणारे ओलांडून जात. लवूने ती आत घेतली नाही आणि फेकलीही नाही. मग एका सकाळी ती नव्हती. दुसऱ्या दिवशी नळावर त्याची बादली पुढे आली तेव्हा रांग गप्प झाली, पूर्वीसारखी.

मंगळवार, १ जानेवारी २००८. लवू पांढरं कार्ड घेऊन, दाढी करून, दहाला पाच कमी असताना बालवाडीच्या दारात उभा राहिला. टेबलामागे नवी मुलगी होती. अंबिका देवस्थळीची बदली संस्थेच्या दुसऱ्या शहरातल्या कामावर झाली होती. मुलीने यादीवरून बोट फिरवलं.

“एकेचाळीस... लवू धुरी. तुम्ही त्यांचे कोण?”

“मीच तो.”

मुलीने परत पाहिलं. “काका, इथे मयत लिहिलंय. नऊ ऑक्टोबर.”

“आणि सतरा?”

“सतरा... रघुवीर नाटेकर. वर्ष पूर्ण केलं. प्रगती उत्तम.” तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. “तुम्ही रेशनकार्ड घेऊन दादरच्या ऑफिसात जा.”

लवू दादरला तीनदा गेला. पहिल्यांदा जेवणाची सुट्टी होती. दुसऱ्यांदा साहेब नव्हते. तिसऱ्यांदा एका कारकुनाने सांगितलं की यादी बंद झाली, अहवाल वर गेला. पांढऱ्या गटात वर्षभरात एक मृत्यू, पिवळ्यात एकही नाही, असं त्यात आहे. ती नोंद कुणी केली, चुकून झाली की जाणून, हे त्याला सांगता आलं नाही. अंबिकाचा फोन नंबर त्याने दिला नाही.

लवू मंगळवारी येतच राहिला. आत शिरायचं नाही, दाराशी उभं राहायचं. संस्थेने सीतारामला आता मदतनीस नेमलं होतं. हजेरी तोच घेई. पहिल्या दिवशी त्याने लवूकडे बघितलं नाही. दुसऱ्या मंगळवारी जाता जाता म्हणाला, “उभा रहा. कोण आला नाय तर बघू.”

मंगळवार, १५ जानेवारी. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी हजेरी सुरू झाली. अठ्ठावीस जण हजर होते. बावन्न नंबर अजून आला नव्हता. लवू चपला काढून दाराशी उभा होता.